इतिहास, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माध्यमिक शाळेत हे विषय शिकवते. नव्याने नोकरीला लागलेले शिक्षक, पालक आणि परीक्षा जवळ आली की दहावीची मुलंसुद्धा प्रश्न पाठवतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्र राज्य मंडळाच्या, नववीला २०१७ आणि दहावीला २०१८ साली आलेल्या पुस्तकांना धरून आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे एक गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नववी-दहावीला इतिहास, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे तीन वेगळे विषय आहेत का?

नाहीत. दहावीला सामाजिक शास्त्रांचे १०० गुण असतात. इतिहास व राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा एक पेपर, भूगोलाचा ४० गुणांचा दुसरा आणि उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. दोन्ही पेपर दोन-दोन तासांचे. इतिहास-राज्यशास्त्राच्या ४० पैकी २८ गुण इतिहासाला आणि १२ राज्यशास्त्राला. पुस्तक एकच, पण मागचा भाग राज्यशास्त्राचा. बऱ्याच शाळांत तो भाग जानेवारीत घाईघाईने उरकला जातो. माझी विनंती आहे की तो दिवाळीआधी सुरू करा. 'निवडणूक प्रक्रिया' आणि 'राजकीय पक्ष' या धड्यांवर मुलं जितकं बोलतात तितकं वर्षभरात दुसऱ्या कशावरही बोलत नाहीत.

२. मग अर्थशास्त्र काढूनच टाकलं का? आमच्या वेळी 'भूगोल व अर्थशास्त्र' असं पुस्तक होतं.

वेगळं नाव गेलं, विषय गेला नाही. नववीच्या भूगोलात 'अर्थशास्त्राशी परिचय' आणि 'व्यापार' हे धडे आहेत. नववीच्या इतिहासात 'आर्थिक विकास' आणि 'उद्योग व व्यापार' आहेत. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझीलच्या अर्थव्यवस्थेची तुलना आहे. हे धडे दोन पुस्तकांत विखुरलेले असतात, आणि पुष्कळदा दोन वेगळे शिक्षक ते शिकवतात. त्यामुळे मुलांना त्यांची सांगड लागत नाही. जूनमध्येच भूगोलाच्या शिक्षकांबरोबर अर्धा तास बसून कोणता धडा कोणत्या महिन्यात घ्यायचा ते ठरवलं, तर निम्मं काम होतं.

३. हे सगळं एकत्र शिकवता येतं असं तुम्ही म्हणता. एखादं करून दाखवता येईल असं उदाहरण द्या.

बहात्तरचा दुष्काळ घ्या. महाराष्ट्रात अजूनही अनेक घरांत तो पाहिलेलं माणूस आहे.

पहिल्या दिवशी मी मुलांना काहीच शिकवत नाही. घरी जाऊन आजी-आजोबांना, नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला तीनच प्रश्न विचारायला सांगते: तेव्हा काय खाल्लं, काम काय केलं, पाणी कुठून आणलं. दुसऱ्या दिवशी वह्या उघडल्या की खडी फोडणं, बंडिंगची (बांध घालण्याची) कामं, सुकडी (पूरक आहार), रेशनची लाल मिलो (ज्वारी) हे शब्द एकापाठोपाठ एक येतात. एका मुलीने लिहून आणलं होतं, 'आजी म्हणाली, पाझर तलावाचा भराव आम्ही घातला, आता तिथं तू पोहायला जातेस.' रोज ज्या बांधावरून जातो तो कुणीतरी डोक्यावरच्या पाट्यांनी उभा केला, हे त्या दिवशी वर्गाला कळलं. इथवर इतिहास झाला.

मग विचारायचं, सरकारने हे काम दिलं ते उपकार म्हणून की हक्क म्हणून? इथे वि. स. पागे येतात. विधानपरिषदेचे सभापती असलेल्या या माणसाने मागेल त्याला काम ही कल्पना मांडली, तासगाव तालुक्यात तिचा आधी प्रयोग झाला आणि १९७२ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ती राज्यभर नेली गेली. १९७७ साली कायदा झाला. संविधानाच्या कलम ४१ मध्ये कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे, म्हणजे त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. महाराष्ट्राने त्या तत्त्वाला कायद्याचं बळ दिलं. पुढे २००५ साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला. मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं यांतला फरक मी इतक्या सहज दुसऱ्या कुठल्याही उदाहरणाने समजावू शकलेले नाही.

तिसरा दिवस पैशांचा. मजुरीचे पैसे आले कुठून? ज्यांचे पालक नोकरीत आहेत त्यांना पगारपत्रक बघून यायला सांगायचं. वजावटीत 'व्यवसाय कर' अशी ओळ असते: बहुतेकांची दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. मुलं बेरीज करतात, वर्षाचे २,५०० होतात. अगदी २,५००च का? कारण कलम २७६ प्रमाणे राज्याला हा कर एका माणसाकडून वर्षाला त्याहून जास्त घेता येत नाही. आणि महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तोच रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून निघालेले पैसे गावातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या हातात कसे पोहोचले, ते मुलांनी फळ्यावर बाण काढून दाखवायचं.

तीन तासिकांत दुष्काळ, कायदा आणि कर असे तिन्ही विषय होतात. हे माझं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात आवडतं पाठ-नियोजन आहे. तुम्ही ते तसंच्या तसं उचला.

४. एवढं करायला तासिका कुठून आणायच्या? पोर्शन संपत नाही.

वर्षातून असे दोनच पाठ करा, चार नकोत. वरच्या पाठात नववीच्या 'आर्थिक विकास'चा मोठा भाग आपोआप होतो, त्यामुळे त्या धड्याच्या दोन तासिका वाचतात. बाकीचे धडे नेहमीसारखे शिकवा. रोज उपक्रम करायचाच, असा आग्रह मी कधी धरत नाही.

५. सनावळ्या पाठ करून घ्यायच्या की नाही?

थोड्या घ्यायच्याच. दहा-बारा सन पक्के नसतील तर मुलाला बाकीच्या घटना अडकवायला खुंट्याच राहत नाहीत. माझी यादी अशी आहे: १८५७, १८८५, १९२०, १९४२, १९४७, १९५०, १९६०, १९७१, १९७५, १९९१. बाकीच्या घटना मुलांनी क्रमाने लावायच्या, आकडा चुकला तरी चालेल.

वर्गात दोरी बांधा. प्रत्येक मुलाकडे एका घटनेची चिठ्ठी, सन न लिहिलेली. आपल्या जागी उभं राहून शेजाऱ्याशी वाद घालून चिठ्ठी अडकवायची. १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण बांगलादेश युद्धाच्या आधी की नंतर, यावर आमच्याकडे दहा मिनिटं भांडण चाललं होतं. राष्ट्रीयीकरण जुलै १९६९ चं, युद्ध डिसेंबर १९७१ चं. भांडून लावलेला क्रम ती मुलं आता विसरणार नाहीत.

६. मुलं मालिका, सिनेमा, कादंबरी, बखर, सगळ्यालाच इतिहास समजतात. त्यांना कसं सांगायचं?

सांगू नका, त्यांनाच तपासू द्या. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार सगळ्यांना येतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ही नोंदलेली घटना आहे. 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं, ही गोष्ट लोकांच्या तोंडी आहे. मग मुलांनी विचारायचं: तो खाडाखोड केलेला कागद कुणी पाहिला? तो आज कुठल्या दप्तरात आहे? ही गोष्ट सांगणारा त्या वेळी तिथे होता का? पत्र मोडीत लिहिलेलं असणार, तर मोडीतला 'ध' आणि 'मा' फळ्यावर काढून बघा, खाडाखोड कितपत जमते ते.

यातून साधनांची उतरंड हळूहळू मनात बसते. त्याच दिवसांतलं पत्र किंवा हिशेबाची नोंद एका जागी, नंतर आठवणीने लिहिलेली बखर दुसऱ्या जागी, पोवाडा आणि कादंबरी आणखी पुढे. बखर टाकाऊ नाही. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, पण लिहिणारा त्या राज्यातला माणूस होता आणि म्हणून ती मोलाची आहे. कोणत्या साधनाला कोणता प्रश्न विचारायचा, एवढं मुलाला कळलं की मालिका बघूनही ते बिघडत नाही. अस्सल कागदाचा आग्रह काय असतो हे सांगताना वि. का. राजवाडे यांची ओळख जरूर करून द्या. गावोगाव हिंडून कागद गोळा करणाऱ्या या माणसाने १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला.

७. शिवजयंती तारखेने की तिथीने, आणि जन्म १६२७ चा की १६३० चा? वर्गात दरवर्षी वाद होतो.

दोन वेगळे वाद मुलं एकात मिसळतात. आधी ते सुटे करा.

पहिला वाद सालाचा. पूर्वी शके १५४९, म्हणजे १६२७ हे साल रूढ होतं. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींत) मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद सापडली, ती १९ फेब्रुवारी १६३० ला येते. अभ्यासकांच्या दीर्घ चर्चेनंतर राज्य शासनाने हीच तारीख स्वीकारली. परीक्षेत तीच लिहायची.

दुसरा वाद कालगणनेचा. तिथी चांद्र पंचांगाची असल्याने इंग्रजी तारखेत दरवर्षी सरकते. दोन्ही दिवस एकाच जन्माचे आहेत. हे कळल्यावर वर्गातला सूर एकदम खाली येतो. कोणत्या साधनाला किती वजन द्यायचं, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

८. 'आपण मुख्यमंत्री निवडतो' असं मुलं हमखास लिहितात. हा गोंधळ कसा काढायचा?

वर्गप्रतिनिधीची निवडणूक खरोखर घ्या. आमच्याकडे ४० मुलं मतदान करतात, चार उमेदवार असतात. एकदा मतं पडली १४, ११, ९ आणि ६. चौदावाला निवडून आला आणि लगेच एकाने हात वर केला, 'बाई, २६ जणांना तो नको होता!' सर्वाधिक मतं म्हणजे निम्म्याहून जास्त मतं नव्हेत, हे यापेक्षा चांगलं मी शिकवू शकले नसते. मतपत्रिकेवर 'वरीलपैकी कोणी नाही' हा पर्याय ठेवा. आपल्याकडे तो २०१३ पासून आहे.

दुसरा टप्पा: वर्गाचे पाच गट करा, प्रत्येक गटाने एक आमदार निवडायचा आणि त्या पाच जणांनी आपला नेता निवडायचा. मुख्यमंत्र्याची वाट अशीच असते. आपण २८८ मतदारसंघांत आमदार निवडतो, ज्याच्या पाठीशी बहुमत त्याची नेमणूक राज्यपाल करतात. मग अवघड प्रश्न टाका: आमदार नसलेला माणूस मुख्यमंत्री होऊ शकतो का? होऊ शकतो, पण सहा महिन्यांच्या आत विधानसभेचा किंवा विधानपरिषदेचा सदस्य व्हावं लागतं.

९. ग्रामपंचायतीची निवडणूक कोण घेतं? आणि सरपंच थेट जनतेतून की सदस्यांतून?

लोकसभा आणि विधानसभेची निवडणूक भारताचा निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांची राज्य निवडणूक आयोग घेतो. हे दोन वेगळे आयोग आहेत. ७३ आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर प्रत्येक राज्यात असा स्वतंत्र आयोग आला.

सरपंचाचं उत्तर सालावर अवलंबून आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्रात थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द होऊन सदस्यांमधून निवड सुरू झाली, २०२२ मध्ये पुन्हा थेट निवड आली. म्हणून गावातल्या दोन मोठ्या माणसांची उत्तरं वेगळी असली तरी दोघंही खरं सांगत असू शकतात. नियम बदलल्याने सरपंचाचं सदस्यांशी नातं कसं बदलतं, यावर दहावीच्या मुलांकडून फार चांगली चर्चा होते. जमल्यास एक ग्रामसभा दाखवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ती बहुधा असतेच.

१०. पुस्तकातली माहिती जुनी झाली असेल तर परीक्षेत काय लिहायचं?

पेपर पुस्तकावर निघतो आणि उत्तरपत्रिका पुस्तकाप्रमाणे तपासली जाते, हे मुलांना स्पष्ट सांगा. पण वर्गात आजचं सत्य शिकवलंच पाहिजे. मी फळ्यावर दोन रकाने करते, 'पुस्तक छापलं तेव्हा' आणि 'आज'. काही ठळक बदल:

राष्ट्रीय पक्षांची यादी बदलते. एप्रिल २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने तीन पक्षांचा राष्ट्रीय दर्जा काढला आणि एकाला नव्याने दिला. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरबाबतचे निर्णय झाले. आता राज्यं २८ आणि केंद्रशासित प्रदेश ८ आहेत. लोकसभेतली अँग्लो-इंडियन सदस्यांची नेमणूक १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर, जानेवारी २०२० पासून बंद झाली. जुन्या गाईडांत मात्र ती अजून छापलेली दिसते. नियोजन आयोगाच्या जागी तर ही पुस्तकं येण्याआधीच, १ जानेवारी २०१५ पासून, निती आयोग आहे.

दीर्घोत्तरात नवी माहिती लिहायचीच असेल तर सालासकट लिहावी. एका वाक्याच्या किंवा पर्यायी प्रश्नाला पुस्तकातलंच उत्तर द्यावं.

११. मागणी-पुरवठा मुलांना कळतच नाही. वक्ररेषा काढली की वर्ग झोपतो.

वक्ररेषा शेवटी काढा. आधी कांदा आणा.

नाशिक, अहिल्यानगर, पुणे या पट्ट्यातल्या शाळांत निम्म्या घरांत कांद्याची पट्टी असते. बाजार समितीत माल विकल्यावर मिळणारा तो लांबट कागद. त्यावर वजन, क्विंटलचा भाव, एकूण रक्कम आणि खाली वजावटी असतात. एका वर्षी मुलांना घरातल्या जुन्या पट्ट्या आणायला सांगितल्या, नावाचा भाग दुमडून. चाळीस कागद बाकांवर पसरले. मुलांनी ते महिन्यांप्रमाणे लावले आणि भाव नुसत्या डोळ्यांनी वरखाली होताना दिसला. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, उठून म्हणाला, 'लाल कांदा थांबत नाही बाई, तो विकावाच लागतो. उन्हाळ कांदा चाळीत साठवून ठेवता येतो.' पुरवठ्याची लवचिकता म्हणतात ती हीच. मी फक्त तिचं पुस्तकी नाव फळ्यावर लिहिलं.

मग दुसरी बाजू. भाव दुप्पट झाला तर घरात कांदा निम्मा आणतात का? मुलं म्हणतात नाही, थोडा कमी. म्हणजे मागणी फारशी हलत नाही, म्हणूनच आवक जराशी घटली तरी भाव उसळतो. आता वक्ररेषा काढा, झोपणार नाहीत.

इथून राज्यशास्त्राकडे जायला एक पाऊल पुरतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये बंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली. शेती आणि बाजार राज्यसूचीत आहेत, परदेशी व्यापार संघसूचीत. मग भाव पडल्यावर शेतकऱ्याने दाद कुणाकडे मागायची? आणि हमीभाव ज्या २२ पिकांना जाहीर होतो त्यांत कांदा का नाही? स्वस्त कांदा हवा असणारं शहरातलं घर आणि भाव हवा असणारं शेतकऱ्याचं घर, दोन्ही बाजूंनी मुलांना बोलायला लावा. मी शेवटी निकाल देत नाही. ज्यांच्या घरात याच भावावर वर्षाचा हिशेब ठरतो, त्या मुलांसमोर हा प्रश्न सोपा करून मांडणं मला बरोबर वाटत नाही.

१२. आमची शाळा शहरात आहे. इथे ना पट्टी, ना बाजार समिती.

किराणा दुकानाचं छापील बिल आणा. खाली सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा दोन ओळी असतात आणि दोन्ही रकमा सारख्या असतात. एक केंद्राची, एक राज्याची. परराज्यातून मागवलेल्या वस्तूच्या बिलावर या दोन्हींऐवजी आयजीएसटी दिसतो. १ जुलै २०१७ पासूनची ही पद्धत समजली की संघराज्य म्हणजे काय ते समजतं. शिवाय 'आमच्या घरी कुणी कर भरत नाही' हा गैरसमज पहिल्या पाच मिनिटांत जातो. साबण घेणारा प्रत्येक जण कर भरतो.

नोटाही चालतात. एक रुपयाच्या नोटेवर वित्त सचिवांची सही असते, बाकी नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची. धारकाला पैसे देण्याचं वचन एक रुपयाच्या नोटेवर का नसतं, ते मुलांना शोधू द्या.

१३. वर्गात जात, धर्म, आरक्षण किंवा चालू राजकारण निघालं तर विषय बदलावा का?

बदलू नये. मूल तो प्रश्न शाळेत विचारू शकलं नाही तर तो फोनवरच्या एखाद्या गटात विचारील.

माझे तीन नियम आहेत आणि ते पहिल्याच आठवड्यात सांगितलेले असतात. वर्गातल्या कुणाच्याही घराचं, जातीचं, आडनावाचं उदाहरण द्यायचं नाही. 'मी ऐकलं' आणि 'मी वाचलं' यांत फरक करायचा. आणि बाईंचं मत कुणाला, हे विचारायचं नाही. मीही ते कधी सांगत नाही.

आरक्षणाचा प्रश्न निघाला की मी कागदांकडे जाते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. महाविद्यालयांत जातवार जागा ठेवणाऱ्या मद्रासच्या शासकीय आदेशाविरुद्ध निकाल लागल्यावर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने, मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करू देणारं कलम १५(४) आलं. त्या दोन क्षणी राज्यकर्त्यांसमोर कोणता प्रश्न होता, ते वाचायचं आणि मगच आजचं बोलायचं. एकदा एक मुलगा रागाने बोलला आणि दुसरा गप्प बसून राहिला. तास संपल्यावर मी त्या गप्प बसलेल्या मुलाजवळ गेले. अशा वेळी चर्चा कशी झाली यापेक्षा त्या मुलाकडे आपलं लक्ष होतं का, याची काळजी मला जास्त असते.

पक्षांबद्दल बोलताना त्यांचा जाहीरनामा, त्यांना मिळालेली मतं आणि जागा, एवढ्यावर राहा. आणीबाणीसारखा (२५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७) विषय पुस्तकात आहे, तो कचरत शिकवू नका.

१४. मुलगा पानंच्या पानं लिहितो, तरी ४० पैकी २२. काय चुकतंय? (पालकांकडून)

बहुतेक वेळा प्रश्नाचा प्रकार ओळखलेला नसतो. 'टीप लिहा'ला माहिती लागते. 'सकारण स्पष्ट करा'ला कारण लागतं. राज्यशास्त्रातल्या 'चूक की बरोबर ते सकारण सांगा' या प्रश्नात नुसतं 'बरोबर' लिहून पुस्तकातला परिच्छेद उतरवला तर गुण जातात.

उदाहरणार्थ, 'निवडणूक काळात आचारसंहिता लागू होते' हे बरोबर. का? सत्तेवरच्या पक्षाने सरकारी साधनं प्रचाराला वापरू नयेत आणि सगळ्या उमेदवारांना समान संधी मिळावी म्हणून. तिने काय होतं? नव्या योजना जाहीर करता येत नाहीत. तीन वाक्यांत उत्तर पुरं झालं. घरी रोज एक विधान घ्या आणि 'का?' असं दोनदा विचारा. लिहायला लावू नका, बोलायला लावा. उताऱ्यावरच्या प्रश्नाचे चार गुण तर उतारा शांतपणे वाचला तरी मिळतात.

१५. अंतर्गत गुणांसाठी मुलं दुकानातून छापून आणलेले प्रकल्प देतात. काय करावं?

नेटवर सापडणार नाही असा विषय द्या. 'आमच्या गल्लीच्या नावाचा इतिहास', 'घरातला सगळ्यात जुना कागद', 'आमच्या नळाला पाणी कुठून येतं आणि पाणीपट्टी किती'. दोन पानं, हाताने लिहिलेली, ज्यांना विचारलं त्यांचं वय आणि गाव नोंदवलेलं. सजावटीला गुण देणं बंद केलं की सजावट थांबते.

१६. मुलगी सीबीएसईला, महाराष्ट्राबाहेर. तिला हे उपयोगी पडेल का?

पद्धत उपयोगी पडेल, धडे वेगळे आहेत. दहावीला तिथे अर्थशास्त्राचा स्वतंत्र भाग असतो. त्यात विकास, पैसा व पत, जागतिकीकरण हे धडे येतात, आणि सामाजिक शास्त्राचा एकच ८० गुणांचा लेखी पेपर असतो. प्रश्न १२ मधलं बिल कुठल्याही राज्यात चालतं. मराठ्यांचा इतिहास मात्र तिला घरीच द्यावा लागेल.

१७. आजी-आजोबा सांगतात ते आणि कागद यांत फरक पडला तर खरं काय मानायचं?

प्रश्न ३ मधला पाठ केलेल्या जवळजवळ प्रत्येक शिक्षकाने हे विचारलं आहे. प्रश्न ६ मध्ये अस्सल कागदाला मान दिला आहे, पण कागदही तपासावा लागतो.

एका मुलाचे आजोबा म्हणाले, 'मी दुष्काळात जन्मलो, आईला कामावरच कळा आल्या.' त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र जन्मतारीख १ जून १९७०. मुलगा गोंधळला. मी वर्गाला विचारलं, १ जूनला जन्मलेलं म्हातारं माणूस आणखी कुणाच्या घरात आहे? अकरा हात वर झाले. मग मुलांनीच उलगडा केला. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मूल दाखल करायला वय भरलेलं हवं, जन्माची नोंद नसायची, तर गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. म्हणजे सरकारी शिक्क्याचा कागद इथे अंदाज होता आणि आजोबांनी आईच्या तोंडून ऐकलेली आठवण बहुधा खरी होती.

त्या मुलाने प्रकल्पात दोन्ही लिहिलं: दाखल्यावरची तारीख, आणि तिच्याखाली 'पणजीच्या सांगण्याप्रमाणे, बहात्तरच्या दुष्काळात, पाझर तलावाच्या कामावर'.